बर्फातली अनवाणी पावलं

आमच्याकडे बर्फ म्हटलं की आधी मासळीचा वास येतो. बर्फाच्या लाद्या भुशात घोळून, गोणपाटात गुंडाळून बंदरावर यायच्या, तिथे त्या फोडायच्या आणि टोपल्यांतल्या बांगड्यांवर पसरायच्या. बर्फाशी आमची ओळख एवढीच. मी तर बंदराचीही नव्हे. आतल्या खेड्यातली, भातशेतीवाल्यांची लेक. लग्न होऊन मांडवीला आले तेव्हा बर्फाची लादी पहिल्यांदा बघितली. माझ्या सासऱ्यांचा जन्म मांडवीत गेला, पण त्यांनीही याहून वेगळा बर्फ कधी पाहिला नव्हता. तरी त्या माणसाने एका नाटकासाठी बर्फातलं जंगल रंगवलं. कसं रंगवलं आणि त्यात माझा हात कसा लागला ते सांगते. ऐकायचं तर शेवटपर्यंत ऐका, मध्येच टोकलेलं मला खपत नाही.

सासरे पेंटर होते. होड्यांवरची नावं, दुकानांच्या पाट्या, देवळाच्या भिंतीवरचे गरुड-हनुमंत, आणि उत्सवातल्या नाटकांचे पडदे. घरामागे झावळांची मोठी खोप होती, तिथे त्यांचं काम चाले. सासूबाई सकाळी मासळी घेऊन बाजारात बसायच्या आणि दुपारी टोपली रिकामी करूनच परतायच्या. आणि आमचे हे फौजेत. नाव नाही सांगणार. तेव्हाही घेत नव्हते, आता म्हातारपणी कशाला सुरुवात करू? त्यांची पलटण वर उत्तरेला बर्फात होती. नेमकी कुठे ते ते सांगत नसत आणि आम्हालाही नकाशात काही कळत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला ते रजेवर घरी होते. आमच्यात गौर घरात घेताना दारापासून आतपर्यंत तिची पावलं काढतात. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मूठ बुडवायची, मुठीची करंगळीकडची बाजू जमिनीवर टेकवायची, की पाऊल उमटतं. मग त्याच्या पुढे बोटाच्या टोकाने पाच ठिपके द्यायचे, की बोटं झाली. मुठी मी उमटवत होते आणि माझ्यामागून सासूबाई बोटं काढत येत होत्या. ह्यांनी एका पावलाशेजारी आपला पाय ठेवला आणि म्हणाले, "माझी पण काढून ठेव एकदा. म्हणजे वाट चुकणार नाही." सासूबाईंनी ओल्या हाताने त्यांच्या पोटरीवर फटका मारला. "देवीच्या बरोबरीने पाय ठेवतोस मेल्या? हो बाजूला!" आम्ही सगळे हसलो. चार दिवसांनी रजा संपली आणि ते गेले.

पौषात माघी गणपतीच्या उत्सवाची तयारी सुरू झाली. आळीतलं नाटकमंडळ दर वर्षी नवं नाटक बसवायचं. त्या वर्षीच्या नाटकात नायक तिसऱ्या अंकात बर्फातल्या जंगलात वाट चुकतो. का चुकतो, तिथे मुळात कशाला जातो, देव जाणे. मंडळाचे सेक्रेटरी कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते. ते एक जुनं कॅलेंडर घेऊन आले. त्यावर निळंशार आभाळ, पांढरी टेकडी, टोकदार झाडं आणि एक लाकडी घर. "पेंटर, हे बघा. असंच्या असं हवं. लोकांना बघून गारवा वाटला पाहिजे." सासरे हो म्हणाले. मांजरपाटाचे पट्टे शिवून मोठा पडदा झाला, त्याला चिंचोक्याची खळ लावली, खोपीत दोन वाशांना ताणून बांधला. कॅलेंडरमधली ती टोकदार झाडं त्यांना काही उमजेनात, म्हणून त्यांनी सरळ आपल्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं काढायला घेतली. "सुरूलापण सुयाच असतात की," ते मला म्हणाले. मला काय, मी हो म्हटलं.

सुरूंची पहिली रांग उभी राहिली होती, त्या दिवशी दुपारी मी खोपीत त्यांना जेवायला बोलवायला गेले. कोपऱ्यात रेडिओ चालू होता, बातम्या लागल्या होत्या. उत्तरेत हिमकडा कोसळला, जवानांची एक तुकडी त्याखाली सापडली, काही जण बेपत्ता, शोध चालू. नावं नाहीत, पलटण नाही, काही नाही. लगेच पुढची बातमी, कुठल्या तरी मंत्र्याचा दौरा. सासऱ्यांच्या हातातला कुंचला तसाच राहिला आणि त्यातून निळा रंग त्यांच्या पायावर ठिबकत होता. मी म्हटलं, "बाबा, तिथे काय एकच पलटण आहे का? किती तरी असतील." ते म्हणाले, "व्हय." मग म्हणाले, "हिला सांगू नको हां. बाजारात बसते ती, हातात कोयती असते."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन माणसं खोटं जगायला लागली. सासूबाई टोपली उतरवून विचारायच्या, "आज पोस्टमन आला होता?" आणि मी म्हणायची, "आला होता, आपलं काही नव्हतं." पूर्वी हे सांगताना काही वाटत नसे. आता ते सांगताना मी त्यांच्याकडे न बघता टोपली धुवायला घ्यायची. रेडिओ सासऱ्यांनी खोपीतच ठेवला, घरात आणला नाही. सकाळी आणि दुपारी बातम्यांच्या वेळी मी काही तरी निमित्त काढून खोपीत जायची. त्या कड्याबद्दल आणखी एकदा सांगितलं, की हवा खराब असल्याने शोधात अडचणी येताहेत. पुढे तेही बंद झालं. सासरे लष्कराच्या कचेरीत जाऊन चौकशी करून आले, तिथल्या माणसाने सांगितलं की काही असेल तर तार येईल. आता ह्याला काय म्हणायचं? तार आली नाही म्हणजे बरं, की तार अजून यायची आहे? कुणाची सायकल दाराशी थांबली की मी हातातलं टाकून दाराकडे धावायची.

आणि इकडे पडदा बदलत चालला. कॅलेंडर सासऱ्यांनी उलटं करून टांगलं. निळ्या आभाळावर त्यांनी काजळी कालवून फिरवली. सरळ उभे सुरू त्यांनी पुसले आणि नव्याने काढले, सगळे एका अंगाला वाकलेले, आषाढातल्या वाऱ्यात किनाऱ्यावर वाकतात तसे. कुंचला सोडून त्यांनी केरसुणी घेतली, पांढऱ्या रंगात बुडवून ती पडद्यावर सपासप ओढली. कुठे तळहातानेच चुन्याचे थर दिले. ह्यांनी रजेवर असताना सांगितलं होतं, "बर्फ पांढरा नसतो बाबा. सकाळी निळा दिसतो, संध्याकाळी जांभळा, आणि दुपारी बघितलं तर डोळ्यांची आग होते." तेव्हा आम्हाला ती त्यांची थट्टा वाटली होती. आता सासऱ्यांनी कपड्यांची नीळ आणवली आणि चुन्यात मिसळून बर्फाच्या सावल्या भरल्या. मला चित्रातलं काही कळत नाही, पण त्या पडद्यासमोर गेलं की मला पदर घट्ट ओढून घ्यावासा वाटे. त्या रानात एक माणूस नव्हता, घर नव्हतं, धूर नव्हता.

एके दिवशी बातम्यांच्या वेळेला गेले तर सासरे बर्फाच्या लादीवर उभे. हो, खोटं नाही सांगत. बंदरावरून गोणपाटात लादी आणवली होती, ती खोपीच्या जमिनीवर ठेवून वर अनवाणी उभे होते, हाताने वासा धरून. लादीला बांगड्याची खवलं चिकटलेली, वितळलेलं पाणी लाल मातीत पसरलेलं. ओठ पांढरे पडलेले. "बाबा! काय चाललंय हे?" तर म्हणाले, "बघत होतो, माणूस किती वेळ राहू शकतो." मी संतापले. सासरे आहेत, मोठे आहेत, सगळं विसरले. त्यांना दंडाला धरून खाली ओढलं, पदराने पाय पुसले, घासघासून चोळले आणि बोलत सुटले. "तुम्ही आजारी पडलात तर मी कुणाकुणाकडे बघू? एक तिकडे, एक इकडे! आणि आईंना काय सांगू, बाबा बर्फावर का उभे होते ते?" ते आपल्या पायांकडे बघत म्हणाले, "पहिल्यांदा लय दुखतंय गो. मग काय सुद्धा नाय. पाय आपले राहतच नाहीत." मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

सेक्रेटरी मधूनच डोकावून गेले. पडद्यासमोर उभे राहून चष्मा पुसला, परत लावला. "पेंटर, हे काय स्मशान काढलंय? लोक नाटक बघायला येणार आहेत, घाबरायला नाही. घर कुठे आहे? आभाळ कुठे आहे?" सासरे म्हणाले, "होईल." मी सेक्रेटरींना चहा दिला तोही मुद्दाम बिनसाखरेचा.

सासूबाई खोपीत कधी यायच्या नाहीत. रंगात कालवायच्या सरसाचा वास त्यांना सोसत नसे. मासळीत जन्म गेलेल्या बाईला सरसाचा वास सोसत नाही, ह्यावरून ह्यांनी किती चिडवलं असेल! पण त्या दिवशी बाजार लवकर आटोपला, घरात कुणी नाही म्हणून त्या मागे आल्या. मी आणि सासरे रेडिओपाशी बसलो होतो. सासऱ्यांनी पटकन रेडिओ बंद केला. त्याची गरजच नव्हती. सासूबाई रेडिओकडे बघतच नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. डोक्यावरची टोपली तशीच. वाकलेली झाडं, काळं आभाळ, तो निळा थरावर थर. सगळीकडून नजर फिरवून त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. एवढा संसार झालेला, नवऱ्याचा हात ओळखत असणार.

"काय झालंय माझ्या पोराला?" त्यांनी विचारलं.

सासरे म्हणाले, "काय नाय. नाटकाचा पडदा हाय तो."

"मला शिकवू नका. तुमी आजपर्यंत असा पडदा कधी काढलात? काय झालंय सांगा."

मग मीच सांगितलं. रेडिओ, कडा, बेपत्ता, कचेरीतला माणूस, तार. सगळं एका दमात. मला वाटलं आता छाती पिटतील. त्यांनी टोपली खाली ठेवली, मला म्हणाल्या, "आणि तू रोज मला पोस्टमनचं सांगत होतीस." एवढंच. मग पडद्याजवळ गेल्या, अगदी जवळ, इतक्या की नाकाला चुना लागेल. "एवढं रान काढलंत, वाट कुठाय?" त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "ह्यातनं माणसाने यायचं कुठनं?" सासरे हताशपणे म्हणाले, "बर्फातली वाट कशी असते ती मला ठाव नाय गो. मी कुठे बघितलीय?" "मग रान तरी कशाला काढलंत!" असं म्हणून सासूबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि तेव्हा त्यांना रडू फुटलं.

माझं डोकं फिरलं. सासऱ्यांवर, पडद्यावर, रेडिओवर, फौजेवर, स्वतःवर, सगळ्यांवर. दोन म्हातारी माणसं एका कापडासमोर वाट नाही म्हणून रडताहेत! पांढरा रंग घेऊन उपयोग नव्हता, बर्फावर तो दिसला नसता. शेजारी काव कालवलेली होती, पाटीला लावायची तांबडी काव. तिच्यात मी मूठ बुडवली आणि पडद्यावर दाबली. रानाच्या अगदी आतून, दोन सुरूंच्या मधून. लांबचं पाऊल लहान हवं म्हणून नुसत्या करंगळीच्या कडेने, आणि मग जवळ जवळ येत मोठी, पूर्ण मुठीची. एक उजव्या मुठीचं, एक डाव्या. सासरे ओरडले, "अगो, पडदा मंडळाचा हाय!" मी म्हटलं, "असू दे मंडळाचा! नवरा माझा आहे." जन्मात कधी असं बोलले नव्हते सासऱ्यांसमोर. ते आ वासून बघत राहिले.

पावलं पडद्याच्या खालच्या काठापर्यंत आणली आणि थांबले. हात कोपरापर्यंत तांबडे झालेले. सासूबाई उठल्या. पदराने नाक पुसलं, कावेत बोट बुडवलं आणि रानातल्या पहिल्या पावलापासून सुरुवात केली. प्रत्येक पावलाला पाच ठिपके. अंगठा मोठा, मग उतरत उतरत करंगळी. गौरीला काढतात तशीच, एकही बोट न चुकवता, ओठात काही तरी पुटपुटत. शेवटच्या पावलाची करंगळी काढून झाल्यावर म्हणाल्या, "आता येईल." त्या दिवशी आम्ही तिघांनी किती तरी दिवसांनी एकत्र बसून जेवण केलं. पण तार यायची होती ती होतीच. रात्र झाली की तिघेही जागे आहोत हे तिघांनाही कळायचं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी पडदा देवळासमोरच्या मांडवात टांगला. सासऱ्यांबरोबर आम्ही दोघी गेलो, घराला कडी लावून. वर ओढल्यावर तो खोपीत दिसायचा त्यापेक्षा मोठा दिसत होता, आणि ती तांबडी पावलं सरळ आपल्या अंगावर चालत येत होती. नट मंडळी बघायला गोळा झाली. एकाने विचारलं, "रक्त हाय काय ते?" दुसरा हसायला लागला, "अरे, ह्या बर्फात माणूस अनवाणी! बोटं बघ, पाचच्या पाच!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खरंच की! बर्फात कोण अनवाणी चालतं? फौजेत केवढाले बूट देतात. आम्हा तिघांपैकी एकाच्याही हे मनात आलं नव्हतं. पावलं म्हणजे गौरीची पावलं, आणि पावलाला बोटं असायचीच, एवढंच आम्हाला माहीत.

सेक्रेटरी तणतणत आले. "पेंटर, ही थट्टा आहे का? पडदा भेसूर केलात, मी गप्प बसलो. आता ही भुताची पावलं! तासाभरात पुसा, चुना मारा त्यावर." एक माणूस चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन आलासुद्धा. सासऱ्यांनी कुंचला हातात घेतला. मंडळाचं काम, सेक्रेटरींचा शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती. सासूबाई पडदा आणि सासरे यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. "पुसायची नाहीत," त्या म्हणाल्या. सेक्रेटरी म्हणाले, "अहो बाई, हे नाटक आहे." "असेल. माझं पोर त्या वाटेवर हाय. पुसलीत तर बघा." सेक्रेटरींना काही समजेना. सासऱ्यांनी कुंचला बादलीत ठेवला आणि बादली पायाने बाजूला सरकवली. "नाय पुसत," ते म्हणाले.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी सायकल थांबली. तारवाला घरी गेला होता, कडी बघून शेजाऱ्यांनी त्याला इकडे पाठवलं होतं. त्याने सासऱ्यांचं नाव विचारलं. कुणीच उत्तर देईना. मला वाटलं, आपण नाव सांगितलंच नाही तर तो परत जाईल. काय वेडेपणा! शेवटी सासऱ्यांनी हात पुढे केला, कागद घेतला आणि तसाच सेक्रेटरींपुढे धरला. इंग्रजी वाचणारे तिथे तेच होते. सेक्रेटरींनी चष्मा लावला. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. सासूबाई पडद्याला पाठ लावून उभ्या होत्या, दोन्ही हात मागे, त्या पावलांवर.

"जिवंत आहे," सेक्रेटरी म्हणाले. मग परत मोठ्याने, "जिवंत आहे. दवाखान्यात आहे. धोका टळला आहे."

सासूबाई खाली बसल्या. सासरे मांडवाच्या खांबाला टेकून लहान पोरासारखे हुंदके देत होते. मी मात्र सेक्रेटरींना म्हटलं, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं. "अजून एकदा." त्यांनी तिसऱ्यांदाही वाचलं, न रागावता. पावलांचा विषय पुन्हा त्यांनी काढला नाही. प्रयोग त्याच पडद्यावर झाला. तिसऱ्या अंकात नायक बूट घालून बर्फातून लंगडत आला आणि मागे पाचपाच बोटांची पावलं! प्रेक्षकांतून कुणी तरी ओरडलं, "चपला इसरलास काय रे!" मांडव हसला. सगळ्यांत जास्त सासूबाई हसल्या. मंडळाने उत्सवानंतर पडदा परत पाठवला, असला भेसूर पडदा पुन्हा कुठल्या नाटकात वापरणार म्हणून. सासऱ्यांनी तो पडवीच्या भिंतीला लावला.

ह्यांचं एक कार्ड आलं. बरा आहे, शिमग्याला येतो, काळजी करू नका. बास. दवाखान्यात कशासाठी, काय झालंय, एक अक्षर नाही. जिवंत आहे म्हटल्यावर बाकीचं विचारायला आमची जीभ रेटली नाही. पण माझ्या मनात रोज काही तरी यायचं. हात असतील ना? डोळे असतील ना? मग स्वतःलाच दटावायची, मेली, जिवंत आहे ते पुरे नाही का तुला!

शिमग्याची पालखी आळीत फिरत होती त्या दिवशी दुपारी स्टँडवरून रिक्षा आली. ते उतरले. वाळलेले, गालांची कातडी काळी पडून सोललेली, पण हात होते, डोळे होते, उभे होते. सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभ्या. बाहेरून आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळून टाकायचा आणि पायांवर पाणी घालूनच घरात घ्यायचं, ही आमची पद्धत. त्यांनी तुकडा ओवाळला. "बूट काढ." हे म्हणाले, "राहू दे आई, आत आल्यावर काढतो." "पाणी कशावर घालू, चामड्यावर? काढ म्हणते ना!" "आई, राहू दे." ते हसले, पण मला ते हसू आवडलं नाही. सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला, वाकल्या आणि स्वतःच नाडी सोडायला लागल्या. मग ह्यांनी डोळे मिटून घेतले.

डावा पाय नीट होता. उजव्याचा बूट काढला, मोजा काढला, आत कापूस भरलेला होता तोही काढला. उजव्या पायाला एकही बोट नव्हतं. पाऊल तिथेच संपत होतं, पुढे नुसती गुलाबी, ताणलेली कातडी. "थंडीने काळी पडली होती," ते घाईघाईने सांगायला लागले, "काढावीच लागली. चालता येतं मला. पलटणीत आता बसून काम देणार आहेत. काही नाही त्यात." दूरवर पालखीचे ढोल वाजत होते. सासऱ्यांनी दाराची चौकट धरली. सासूबाईंनी तांब्या उचलला. आधी डाव्या पायावर पाणी घातलं, मग उजव्यावर, आणि उजव्यावर जरा जास्त वेळ.

घरात आल्यावर त्यांनी पडवीतला पडदा बघितला. मला वाटलं, आता काय म्हणतील? ते सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, तिथे एकही झाड नाही." सासरे म्हणाले, "मग आडोशाला काय?" "काही नाही." ह्यांची नजर खाली आली, तांबड्या पावलांवर. उजवं पाऊल, डावं, उजवं. माझ्याकडे वळून विचारलं, "ही कुणाची?" मी म्हटलं, "तुमची. तुम्हीच सांगितलं होतं ना, काढून ठेव म्हणून?" ते म्हणाले, "बोटं जास्त झालीत." आणि हसले. मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून सासऱ्यांदेखत रडले. लाज गेली खड्ड्यात. त्या वेळी सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं की नाही मला ठाऊक नव्हतं.

भाद्रपद आला. गौरी आल्या. सासूबाईंनी पिठाचं पाणी कालवलं आणि मला हाक मारली. दारापासून मी मुठी उमटवत आत निघाले, माझ्यामागून त्या ठिपके देत येत होत्या. हे रजेवर आले होते, पडवीत खुर्चीवर बसून बघत होते. देवापर्यंत पोचल्यावर मी हळदकुंकवाचं ताट घेऊन मागे वळले, पावलांवर वाहायला. तर डाव्या पावलांना पाच पाच बोटं होती, आणि उजव्या पावलांपुढे काहीच नव्हतं. दारापासून देवापर्यंत, एकाही उजव्या पावलाला बोट नाही. मला वाटलं, म्हातारपणाची चूक झाली, गौरीची पावलं अशी कशी ठेवायची? "आई," मी हळूच म्हटलं, "उजव्याची बोटं राहिली."

त्यांनी मान वर केली नाही. पिठाने भरलेलं बोट लुगड्याला पुसत म्हणाल्या, "घरात आली ना? मग झालं."